२८ कप्प्यांची गोळ्यांची डबी: सात महिने वापरल्यावर

पाचात साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते पुढे येईलच.

डबी ऑनलाइन मागवली, ३४९ रुपयांना. अमळनेरला चौथ्या दिवशी हातात पडली. सात वारांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीला चार झाकणं, झाकणांवर इंग्रजीत मॉर्न, नून, ईव्ह, बेड. प्लास्टिक जाड आहे. पट्टी ट्रेमधून वेगळी निघते आणि दप्तराच्या बाजूच्या खिशात बसते. मी एसटीत वाहक. मशीन येण्याआधी तिकिटांचा ट्रे गळ्यात अडकवून वर्षं काढली, त्यामुळे कप्प्याकप्प्याच्या वस्तूचं मला आधीपासून कौतुक.

ही डबी माझ्या १४ वर्षांच्या मुलीसाठी. तिला विल्सनचा आजार आहे. तेराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात दोष असतो, त्यामुळे यकृताला शरीरातलं जादा तांबं बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, डोळ्यांत. तिला दोनदा कावीळ झाली. पहिल्या वेळी आम्ही गावठी औषधावर भागवलं, त्याची लाज अजून जात नाही. दुसऱ्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं, रक्तात सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) कमी निघालं, २४ तासांच्या लघवीत तांबं जास्त. आम्हा दोघा नवराबायकोत त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच तो दोष, म्हणून आम्हाला त्रास काहीच नाही. प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणून धाकट्याचीही तपासणी केली. तो सुटला.

औषध म्हणजे डी-पेनिसिलामाइनची कॅप्सूल. १९५६ सालापासून या आजारात वापरात आहे. ती तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. पण जेवणातली खनिजंही तिला धरतात, म्हणून ती रिकाम्या पोटीच घ्यायची: खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. दूध, चहा, केळं, सगळं खाण्यातच मोजायचं. सोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी रोज, कारण हे औषध शरीरातलं बी-६ कमी करतं. डोस वजनावर आणि तपासण्यांवर ठरतो, आमचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

आमचं वेळापत्रक असं: पावणेसहाला कॅप्सूल, पावणेसातनंतर नाश्ता, दुपारी जेवल्यावर बी-६, पाचच्या आत काय खायचं ते खाऊन घ्यायचं, सातला दुसरी कॅप्सूल, सव्वाआठला जेवण. पहिल्या आठवड्यात माझी माय रोज सकाळी म्हणायची, "पोरले उपाशी गोयी? हाई कशी दवाई शे?" तिचं चुकत नव्हतं. तिच्या आयुष्यातली प्रत्येक गोळी काहीतरी खाऊन घ्यायची होती.

आता डबीच्या खोटी.

पहिली, आणि याच्यासाठी पूर्ण एक तारा. कप्पे चार, आमच्या वेळा तीन. 'बेड'चा कप्पा रिकामाच राहायचा. दुसऱ्याच महिन्यात एका बुधवारी रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, आज एक गोळी जास्त का?" पांढरी, बारीक गोळी. मायची रक्तदाबाची. विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "रिकामा व्हता, म्हनीसन ठेवी दिधी." तिला कप्पा वाया जाताना बघवला नव्हता. मुलीने विचारलं म्हणून निभावलं. त्या रात्री सातही 'बेड' झाकणांवर चिकटपट्टी मारली आणि मायला वेगळी, लाल डबी आणून दिली. घरात दुसरं कुणी गोळ्या खाणारं असेल तर जितक्या वेळा तितक्याच कप्प्यांची डबी घ्या. जास्तीचा कप्पा कुणी ना कुणी भरतोच.

दुसरी खोट, अर्धा तारा: झाकण बसतं, पण हवाबंद नाही. सुरुवातीला मी कॅप्सुली पाकिटातून सोडवून आठवड्याच्या भरून ठेवायचो. पावसाळ्यात त्या मऊ पडल्या, आणि झाकण उघडलं की गंधकासारखा वास. (तो वास औषधाचाच असतो, कॅप्सूल नासली असं समजू नका.) मग मेडिकलवाल्या भाऊंनी सांगितलं, सोडवू नका, कात्रीने पाकिटाचाच चौकोन कापा आणि तो कप्प्यात ठेवा. कप्पा तेवढा खोल आहे, हे डबीचं खरं बलस्थान. फक्त ज्या चौकोनावर मुदतीची तारीख छापलीय तो शेवटी वापरायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा डबी खिडकीत किंवा गाडीत ठेवायची नाही, हे ओघाने आलंच.

जमेची बाजू मोठी आहे. एका नजरेत कळतं की आजची घेतली की राहिली. या औषधात ते फार मोलाचं. राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि बरं वाटतंय म्हणून मधेच बंद तर मुळीच करायचं नाही, यकृत एकाएकी बिघडू शकतं. काही दिवस खंड पडला तर पुन्हा सुरू करताना अंगावर उठू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना फोन. आमचं पुरळ, ताप, लघवीतली प्रथिनं, रक्तातल्या पेशी यांवर लक्ष असतं. तपासणीच्या तारखा मी ट्रेच्या खाली चिकटवल्यात.

डबी वेळ मात्र सांगत नाही. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. लोहही या कॅप्सुलीला आतड्यातच अडवतं, दोघांत निदान दोन तास हवेत. एका शनिवारी सकाळची शाळा होती, बाईंनी साडेसातलाच गोळी दिली. पावणेसहा ते साडेसात, पावणेदोन तास. पंधरा मिनिटं कमी! बसला पंधरा मिनिटं उशीर झाला तर मी कुणाला दाद देत नाही, पण इथे लगेच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका वेळेने काही बिघडत नाही, यापुढे दुपारच्या जेवणानंतरच घ्यायची. तसं वहीत लिहून दिलं, बाईंनी सही केली.

सगळ्यात अवघड गेली ती आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. झोके, खापराची पुरणपोळी, आमरस, आणि दर घरी "ये ना बाई, एक घास." त्या दिवशी खाण्याला आदि-अंत नसतो, मग रिकामं पोट कुठून आणायचं? पट्टी फ्रॉकच्या खिशात घालून मुलगी निघाली. पाचला गजर झाला की तोंड बंद, सातला कॅप्सूल, आठनंतर पुन्हा मोकळी. मैत्रिणींनी तेवढे तीन तास तिला झोक्यावरून उतरूच दिलं नाही. पोटात तांबं कमी जावं म्हणून घरातला तांब्याचा हंडा मायने स्वतःच माळ्यावर टाकला, शेंगदाण्याचा कूट भाजीतून कमी झाला. शेवभाजीवर कुणी हात उचललेला नाही.

तर डबी घ्या, पण तीन कप्प्यांची मिळाली तर तीच. आमच्या डबीचं शनिवारचं सकाळचं झाकण आता सैल झालंय. त्याला मुलीचा केसांचा रबर लावलाय.