वेक-ऑन-लॅन, आठ महिन्यांनंतर: वीज गेली की सर्व्हर उठत नाही

घरचा प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारी सिस्टिम) सर्व्हर एरवी बंद ठेवायचा आणि लागेल तेव्हा नेटवर्कवरून ‘मॅजिक पॅकेट’ हा खास संदेश पाठवून बाहेरून उठवायचा, ही वेक-ऑन-लॅनची सोय आठ महिने वापरून झाली. बिलाबाबत पूर्ण समाधान आहे. ६० वॅट खाणारा सर्व्हर चोवीस तास चालला की महिन्याला ४३ युनिट जातात. रोज चार तास चालवला तर सव्वासात. बंद असताना नेटवर्क कार्ड जागं ठेवायला दीड वॅट धरला तरी वर जेमतेम एक युनिट. पॅकेट पाठवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) कायम चालू लागतो, त्याचे दोन-तीन युनिट मिळवले तरी फायदा मोठा आहे.

तक्रार एकच, पण तीच मला सगळ्यात जड वाटते. वीज जाऊन आली की सर्व्हर हाकेला ओ देत नाही. बंद मशीनचं कार्ड स्टँडबाय विजेवर मॅजिक पॅकेटची वाट बघतं, आणि ‘लक्ष ठेव’ हे त्याला सिस्टिमने बंद होताना सांगितलेलं असतं. वीज तुटली की अनेक बोर्डांवर ते पुसलं जातं. मग एकदा नीट चालू होऊन नीट बंद होईपर्यंत कार्ड बहिरं. पुण्यासारखी गुरुवारी देखभालीची वीज जात असेल, तर शुक्रवारी बाहेरगावाहून कितीही पॅकेटं पाठवा, काही होत नाही.

उपाय बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. वीज परत आल्यावर काय करायचं, तिथे ‘पॉवर ऑन’ निवडा. ‘लास्ट स्टेट’ नको, कारण आधी बंद असलेलं मशीन बंदच राहतं. आता वीज आली की सर्व्हर स्वतः उठेल. वीस मिनिटांनी त्याने पायला विचारावं, ‘जागं राहू का?’ पायवर तशी खुणेची फाइल नसेल तर बंद व्हावं. सिस्टिमडीचा (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) एक टायमर आणि चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. बंद होताना कार्ड पुन्हा सज्ज होतं. बायॉसमधलं ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ हे वीजबचतीचं सेटिंग मात्र बंदच हवं, नाहीतर कार्डाला स्टँडबाय वीजच मिळत नाही.

सुरुवातीला वीज न जाताही कधीकधी सर्व्हर उठत नसे, आणि मी दोष कार्डाला देत होतो. ते मत मागे घेतो. गडबड पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामच्या ऑटो-ट्यूनची होती. बचतीच्या नावाखाली ते वेक-ऑन-लॅनही बंद करतं. ईथटूल या नेटवर्क कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेने बघा: ‘वेक-ऑन’पुढे ‘जी’ हवा, ‘डी’ दिसला तर बंद आहे. नेटवर्कच्या फाइलमध्ये ‘जी’ लिहूनही पॉवरटॉप नंतर चालला तर तो पुसतो, म्हणून ईथटूलची आज्ञा पॉवरटॉपच्याच सर्व्हिसमध्ये ‘एक्झेकस्टार्टपोस्ट’ला (सर्व्हिस सुरू झाल्यावर चालणारी ओळ) द्या. आज्ञा खऱ्या पोर्टवर द्यायची, प्रॉक्समॉक्सच्या व्हीएमबीआर-शून्य या आभासी ब्रिजवर नाही. नवं पीसीआय कार्ड किंवा एनव्हीएमई बसवलं की पोर्टचं नाव बदलू शकतं आणि जुनी ओळ गुपचूप निकामी होते, तेही तपासा.

बचतीचं बाकीचं काम सोपं. प्रॉक्समॉक्स सीपीयूला ‘परफॉर्मन्स’वर ठेवतो, ते ‘पॉवरसेव्ह’ करा. पॉवरटॉपमध्ये ‘पॅकेज’, म्हणजे अख्खा प्रोसेसर, सी-३ या झोपेच्या पायरीपुढे जात नसेल तर एलएसपीसीआय या कार्डांची यादी देणाऱ्या आज्ञेत एएसपीएम (कार्डाच्या जोडणीची वीजबचत) बंद असलेलं कार्ड शोधा. असं एकच कार्ड अख्ख्या प्रोसेसरला जागं ठेवतं.

बाहेरून उठवताना टेलस्केल या व्हीपीएनवरून थेट पॅकेट पाठवू नका. टेलस्केल ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पॅकेट, पुढे नेत नाही. पायवर एसएसएचने (दुरून लॉगिन) शिरून तिथूनच ‘वेकऑनलॅन’ ही आज्ञा चालवा.

जुनं मशीन घेतलं असेल तर आधी बोर्डावरची सीआर२०३२ बटण-सेल मल्टिमीटरने मोजा. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. ती संपली की वीज जाताच बायॉस मूळ सेटिंगवर जातं, ‘पॉवर ऑन’ पुसलं जातं, आणि मग घरी जाऊन बटण दाबण्यावाचून इलाज राहत नाही.