गावाला जायचं की मुंबईतच थांबायचं? आमच्या घरातला हिशोब (21 मार्च 2020, शनिवार रात्र)

आज सकाळपासून नणंदेचा फोन, मग मावसबहिणीचा, आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः वर आल्या, तिघींचा प्रश्न एकच, गावाला जायचं का गं? काल मुख्यमंत्र्यांनी कोरोनामुळे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली ऑफिसं 31 तारखेपर्यंत बंद केली, तेव्हापासून आमच्या भांडुपच्या चाळीत निम्म्या घरांत माळ्यावरच्या बॅगा खाली आल्यात. मी पण दोन दिवस हाच विचार करतेय, झोप नाही नीट, म्हणून जे डोक्यात आहे ते सगळं लिहून काढते, कुणाला ठरवायला उपयोग झाला तर बरंच.

आधी आमच्या घराचं सांगते कारण त्यावरच सगळं आहे. आम्ही चौघं. मिस्टर बेस्टमध्ये कंडक्टर, बस चालू आहेत म्हणजे त्यांना सुट्टी नाही. सासूबाई 72, शुगर आणि बीपी दोन्ही. मुलगा दहावीला. मी फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, कालपासून घरी. गावी राजापूर तालुक्यात घर आहे, तिथे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि चुलत सासरे, ऐंशीच्या पुढचे, दमा आहे त्यांना. सोमवारी 23 ला मुलाचा भूगोलाचा शेवटचा पेपर होता आणि त्याच रात्रीची दादरहून तुतारी एक्स्प्रेस, 25 चा पाडवा गावी करायचा म्हणून जानेवारीतच तिकिटं काढून ठेवलेली. आज तो पेपर पुढे ढकलल्याचं सांगितलं, तर दीर म्हणाले मग थांबलात कशाला, उद्याच निघा. उद्या जनता कर्फ्यू, सकाळी 7 ते रात्री 9, आणि रात्री 10 पर्यंत पॅसेंजर गाड्या सुटणारच नाहीत. म्हणजे निघायचं तर आज रात्री खासगी गाडीने नाहीतर सोमवारीच.

जागेचं आधी, कारण सगळे तेच बोलतात आणि खरं बोलतात. गावाला ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणी, परसदारी फणस, शेजारचं घर हाक मारली तरच ऐकू येईल इतकं लांब. इथे दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा, मजल्यावर अकरा घरं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. टीव्हीवर सांगतात एकमेकांपासून एक मीटर अंतर ठेवा, आमच्या गॅलरीत समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. सकाळी पाणी येतं तेव्हा नळावर काय होतं ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे जागेच्या बाबतीत गाव पुढे, त्यात वादच नाही, आणि जे कुणी मोठ्या सोसायटीत तिसऱ्या बेडरूममध्ये बसून आम्हाला घरातच थांबा म्हणून मेसेज पाठवतायत त्यांनी एकदा येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

पण गावाला ती जागा आपण वापरतो का? मुंबईहून माणूस उतरला की अख्खी वाडी ओटीवर येते, चहा होतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, मग देवळात जायचं, मग प्रत्येक घरी एकदा तरी बसायचं, नाही गेलं तर राग. आत्ता नऊ तारखेला होळी झाली, शिमग्याला पालखीबरोबर किती चाकरमानी घराघरांत फिरून आलेत. तेव्हा आजार एवढा जवळ आलाय हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. आता माहीत आहे.

आणि मग प्रवास, ज्याच्यावर माझं घोडं अडलंय. लागण झाली तरी लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात असं सांगतात, म्हणजे आज मला काही होत नाहीये म्हणून माझ्यात काही नाही असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. मिस्टर रोज शेकडो लोकांच्या हातातली नाणी-नोटा घेतात, तिकीट देतात, उभ्या गर्दीतून वाट काढत फिरतात, आणि रात्री आमच्याच ताटाशेजारी जेवायला बसतात. म्हणजे आमच्या घरातून जो कुणी गावाला जाईल तो बसमधल्या त्या सगळ्या गर्दीच्या घरातून जाईल. त्यात तुतारीचा डबा, रिझर्व्हेशन असलं तरी पॅसेजमध्ये लोक बसलेले, संडासाच्या दारापर्यंत बोचकी, सात-आठ तास. खासगी गाडीवाल्याला विचारलं तर नेहमीच्या दुप्पट भाडं आणि सात जणांच्या गाडीत नऊ भरणार. ज्या गर्दीपासून पळायचं त्याच गर्दीत रात्रभर बसून जायचं आणि सकाळी उतरल्यावर ऐंशी वर्षांच्या दम्याच्या माणसाच्या पाया पडायचं, हे मला काही केल्या पटत नाही.

1896 ला मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या बाजूला सुरू झाला, तेव्हा जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं होतं, लोक रेल्वेने, बोटीने, चालत, जमेल तसे निघाले आणि त्यांच्या मागोमाग प्लेग पण पुण्यात आणि बाहेर गावोगावी गेला. आत्ता सरकारने जो साथरोग कायदा लावलाय ना 13 तारखेला, तो 1897 चा, त्या प्लेगच्या वेळचाच. 1918 चा ताप पण मुंबई बंदरातून शिरला आणि रेल्वेने देशभर पसरला, एक कोटीच्या वर माणसं गेली त्यात. म्हणजे मुंबईत काही आलं की गावाकडे पळायचं ही आपली जुनी सवय, आणि आजारासकट पळायचं ही पण.

त्याच जुन्या काळातली एक गोष्ट मात्र सासूबाई सांगतात, त्यांच्या आजीकडून ऐकलेली. प्लेग आला की लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, आणि बाहेरगावाहून आलेल्याला थेट घरात घ्यायचे नाहीत, त्याचं जेवण लांब ठेवून यायचे. म्हणजे आज ज्याला होम क्वारंटाईन म्हणतात, परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारतात, ते आपल्या गावाला नवीन नाही. आमचा शेतावर मांगर आहे, म्हणजे शेतातली खोपी, त्यात चौदा दिवस राहिलं तर जाण्याला अर्थ आहे. मी दिरांना तेच म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं, वहिनी आपल्या माणसांना मांगरात ठेवू का? मी म्हटलं भाऊजी, आपली माणसं आहेत म्हणूनच.

दवाखान्याच्या बाबतीत उलटं आहे. आज जी काही टेस्ट होतेय, संशयितांना जिथे नेतात ते कस्तुरबा इथे, केईएम, सायन, नायर सगळी इथे. गावाला प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथले डॉक्टर जीव तोडून काम करतात पण व्हेंटिलेटर कुठून आणणार, पुढे राजापूरचं ग्रामीण रुग्णालय आणि श्वास अडकला तर 108 बोलावून रत्नागिरीला सिव्हिलला दीड तास. 17 तारखेला कस्तुरबात कोरोनाने जे गृहस्थ गेले ते 64 वर्षांचे होते, आमच्या सासूबाई 72. मला तो दीड तास डोळ्यासमोरून जात नाही. आणि गावाला काही नाहीच असंही नाही आता, रत्नागिरी जिल्ह्यात दुबईहून आलेला एक रुग्ण सापडलाय. राज्याचा आकडा साठच्या वर गेलाय, आठवड्याभरात कुठे असेल देव जाणे, इथली हॉस्पिटलं भरून गेली तर माझा हा मुद्दा पण उरणार नाही हे मला कळतंय. आज मात्र आहे.

शुगरच्या गोळ्यांचं म्हणाल तर मी इथे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून महिनाभराच्या घेतल्या, गावाला एवढ्याशासाठी तालुक्याला जावं लागतं आणि एसटी बंद झाली तर तेही नाही.

राशनचं दोन्हीकडे साधारण सारखंच. इथे वाण्याकडे रांग आहे पण तांदूळ, डाळ, तेल मिळतंय, मी पंधरा दिवसांचं भरलं, जास्त नाही, कारण माझ्या मागे रांगेत जी बाई होती ती रोजचं रोज घेणारी होती आणि सगळ्यांनी दोन-दोन महिन्यांचं उचललं तर तिच्या वाट्याला काय राहणार? सॅनिटायझर मिळालाच तर 200 मिलीच्या बाटलीला 100 रुपयांच्या वर देऊ नका, सरकारने भाव बांधलाय, आणि नाही मिळाला तर काही अडत नाही, साधा साबण नीट वीस सेकंद लावला की पुरतो. गावाला तांदूळ घरचा, आंबा-काजू लागलेत, पण एप्रिलच्या शेवटी विहीर तळाला जाते हे मुंबईत बसून विसरायला होतं. मे महिन्यात पाहुणे म्हणून आठ दिवस हंडे वाहणं वेगळं, दोन महिने चार माणसं वाढवून राहणं वेगळं, ते ओझं जाऊबाईंच्या डोक्यावर पडतं आणि ती बिचारी बोलणार नाही.

आता सगळे जे सुचवतात ते, की मिस्टरांना ठेवा आणि सासूबाई नि मुलाला तेवढं पाठवा. ह्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. इथे ठेवलं तर रोज रात्री बसमधून येणारा मुलगा आणि त्याची म्हातारी आई एका खोलीत, हा धोका खरा आहे, रोजचा आहे. पाठवलं तर प्रवासाचा धोका, त्यात त्या काही मांगरात एकट्या राहू शकणार नाहीत म्हणजे चुलत सासऱ्यांना धोका, दवाखाना लांब, आणि मी नाही बरोबर. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या माझं जे व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे. मी म्हटलं आई असं बोलू नका. पण त्यांचं मत ते मत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची बॅग भरू नका एवढं मी सगळ्यांनाच सांगेन.

तिघींना मी तीन वेगळी उत्तरं दिली. नणंद डोंबिवलीला, वन बीएचके, स्वतंत्र संडास-बाथरूम, भावोजी कालपर्यंत रोज लोकलने ऑफिसला जात होते, गावाला तिचे सासू-सासरे दोघंच, सत्तरीचे. तिला म्हटलं अजिबात जाऊ नकोस, तुझ्याकडे घर बंद करून बसायला जागा आहे, आणि सासू-सासऱ्यांना सध्या तुमचा रोजचा एक फोन पुरे, वाडीतल्या कुणाला तरी त्यांचं सामान आणून द्यायला सांग. मावसबहिणीचं अवघड. भाड्याची खोली, मिस्टर हातावर पोट असलेले, काम शुक्रवारपासून बंद, महिन्याचं भाडं डोक्यावर. तिला मी थांब म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? तिला म्हटलं घरमालकाशी एकदा बोलून बघ, मी थोडे पैसे पाठवते, आणि नाहीच जमलं आणि निघालातच तर गावाला आधी फोन करून वेगळी खोली तयार ठेवायला सांग, चौदा दिवस देवळात नाही, कुणाच्या ओटीवर नाही, लाज वाटली तरी सांगायचं की आम्ही मुंबईहून आलोय, लांब राहा.

खालच्या काकू मात्र जाऊ देत असं मलाच वाटलं. एकट्या राहतात, इथे त्यांना बघायला कुणी नाही, गावचं घर बंद असतं म्हणजे तिथे कुणा म्हाताऱ्याला लागण व्हायची भीती नाही, आणि पुतण्या स्वतःच्या गाडीने घेऊन चाललाय, तो आठवडाभर घरूनच काम करतोय. पुतण्या तिथेच राहणार आहे त्यांच्यासोबत. आज रात्रीच निघतायत.

त्या वर आल्या तेव्हा मी माझी चिंता बोलले, की एका खोलीत आईंना आणि ह्यांना वेगळं ठेवू कसं, पोटमाळ्यावर मुलगा, स्वयंपाकाच्या बाजूला पडदा लावून आई, आणि हे गॅलरीत झोपायचं म्हणतायत. काकू काही न बोलता खाली गेल्या आणि त्यांच्या खोलीची किल्ली घेऊन आल्या. म्हणाल्या गादी आहे, पंखा आहे, तो ड्युटी करतोय तोवर तिथेच झोपू दे, कपडे पण तिथेच भिजव, फक्त तुळशीला पाणी घाला.

तिकिटं मी रद्द केली. हे साडेअकराला येतील ड्युटीवरून. खाली गरम पाण्याची बादली, साबण, धुतलेले कपडे आणि जेवणाचा डबा ठेवून आलेय, आणि दाराला चिठ्ठी लावलीय की वर येऊ नका, गॅलरीतून बोलू.