वजन कमी करण्याचं ऑपरेशन: वर्ष होत आलं, आता सांगते

माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन होऊन आता वर्ष होत आलं. वजन ११८ किलोवरून ८२ वर आलंय. शुगरच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली, दुसरीचा डोस निम्मा झाला. रात्री नाकावर मास्क लावून ज्या मशीनवर झोपायचे, ते डॉक्टरांनी पुन्हा स्लीप टेस्ट करून बंद केलं. ओळखीतल्या बऱ्याच जणी फोन करून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: दुखलं का? दुखलं, पण ते काही दिवसांत संपलं. नंतरचं खाणं-पिणं आणि चारचौघांतला आग्रह अजून संपलेला नाही. त्याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे ऑपरेशनआधी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४६. पहिल्या बाळंतपणानंतर वजन चढत गेलं. डाएट, जिम, आमराईत सकाळचं चालणं, गरम पाण्यात लिंबू-मध, सगळं मनापासून केलं. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचं आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत यायचं. "तोंडावर ताबा ठेव" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. इतक्या वाढलेल्या वजनाशी नुसत्या निश्चयानं लढणारी बाई आळशी नसते, आजारी असते. तिला औषधोपचार मिळायला हवा, टोमणे नकोत.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग, किंवा थोडा जास्तच, स्टेपलरनं कापून कायमचा काढतात. उरते ती केळ्यासारखी निमुळती नळी. मला वाटायचं, पिशवी लहान झाली की माणूस कमी खातो, एवढंच. पण काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन सर्वांत जास्त तयार होतं. ऑपरेशननंतरचे कितीतरी महिने मला भूक लागलीच नाही. घड्याळ बघून जेवावं लागायचं. चाळिशीत पहिल्यांदा डोक्यातला जेवणाचा विचार थांबला, आणि त्या शांततेनं मला अक्षरशः रडू आलं.

वजन कमी करायचं इंजेक्शन का घेतलं नाहीस, हेही विचारतात. मोंजारो हे त्यातलंच एक इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा मीही डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांचं म्हणणं असं की औषध चांगलं आहे, पण बंद केलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, त्यामुळे ते दीर्घकाळ घ्यायची आणि दरमहा खर्चाची तयारी हवी. माझं वजन, शुगर आणि झोपेत श्वास अडकणं पाहता त्यांनी ऑपरेशन सुचवलं. बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायचं ऑपरेशन) की स्लीव्ह, यावरही बोलणं झालं. ज्यांना आधीपासून जोराची ॲसिडिटी आहे त्यांना स्लीव्हनं ती वाढू शकते, म्हणून आधी एंडोस्कोपी करतात. माझी ठीक आली.

खर्चाचंही बोलते. तीन लाखांच्या वर गेला, त्यातला मोठा भाग विम्यातून मिळाला. आपल्याकडे विम्याच्या ठरलेल्या कलमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयाचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखं काही असावं लागतं. शिवाय ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि साधे उपाय करून फरक न पडल्यावर केलेलं हवं. म्हणून जुने डाएटचे कागद, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, स्लीप टेस्टचा रिपोर्ट, काहीही टाकू नका. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी आधी वाचा. मिरजेत, सांगलीत मोठी हॉस्पिटलं आहेत, तरी मी पुण्याला गेले, कारण माझी बहीण तिथे आहे आणि पहिले दिवस तिच्याकडे काढता येणार होते.

ऑपरेशनआधी दोन आठवडे लिव्हर लहान करायचं डाएट असतं: प्रोटीन पावडर, ताक, सूप, कोशिंबीर, भात-पोळी-साखर पूर्ण बंद. लिव्हरचा डावा भाग जठरावर असतो. चरबीनं फुगलेलं लिव्हर दुर्बिणीतून काम करताना आड येतं. कारण कळल्यावर ते दिवस निभले. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी नर्सनं उठवून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. पोटात इंजेक्शनंही त्याचसाठी. टाक्यांपेक्षा जास्त दुखला तो उजवा खांदा. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे तसं होतं आणि चालल्यानं कमी होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा बजावली: ताप, धाप, पोटात वाढती कळ किंवा बसल्या बसल्या नाडी जोरात धावायला लागली तर तासही वाट बघायची नाही, कारण टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर ती अशीच कळते. परत येताना पुणे-सांगली रस्त्यावर गाडी थांबवून थांबवून चाललो. गतिरोधकावर पोटावर उशी धरली.

आता खाण्याचं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: नारळपाणी, गाळलेलं ताक, मुगाचं गाळून घेतलेलं कढण, पाण्यात कालवलेली पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. अगदी तीस मिलीची लहान वाटी, तीही अर्ध्या तासात. सासूबाईंना ते बघवेना. "एवढ्यावर माणूस जगतं का?" म्हणून त्या दारात उभ्या राहायच्या. आहारतज्ज्ञांनी त्यांच्याशीच फोनवर बोलून समजावलं. त्यानंतर कढण त्या स्वतः करायला लागल्या, आणि त्यांच्या हातचं जिऱ्याची फोडणी घालून गाळलेलं कढण पावडरपेक्षा कितीतरी गोड लागायचं.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं, आणि तेच सर्वांत अवघड जातं. हिशोब असा: एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पोट दोन-चार घासांत भरतं, तेव्हा आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे ताट उलटं असतं. भाकरी मधोमध आणि बाकी सगळं तिच्याभोवती. सवय बदलायला महिने गेले. मऊ पोळी आणि भात माझ्या गळ्याशी गोळा होऊन अडकायचा, ज्वारीची भाकरी वरणात कुस्करली की उतरायची. पिठलं, मटकीची उसळ, भरपूर दही, उकडलेली अंडी आणि मऊ शिजवलेला मासा यांवर माझं वर्ष गेलं. उसाचा रस आता नकोच. एकदा दोन घोट घेतले आणि घाम, धडधड सुरू झाली.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात घोट घोट करून दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये हे सोपं नाही. घटाघटा पाणी प्यायची मुभा नसणं ही माझी सगळ्यात मोठी अडचण होती, आणि पाणी कमी पडलं की लगेच डोकं गरगरायचं. टेबलावर बाटली ठेवून मोबाइलचा गजर लावला, तेव्हा जमलं.

उपवासांबद्दल स्पष्ट सांगते, कारण बायका याच ठिकाणी अडतात. पहिल्या वर्षात संकष्टीला, नवरात्रात दिवसभर उपाशी राहणं आणि मग साबुदाण्याची खिचडी खाणं म्हणजे पाणी आणि प्रोटीन दोन्ही बुडवणं. मी गणपतीच्या देवळात जाऊन दर्शन घेतलं, उपास करणं बंद केलं. घरात कुणी नाराज झालं नाही. सासूबाईच म्हणाल्या, "देवाला तुझी तब्येत हवीय."

बाहेर मात्र आग्रह. वास्तुशांत, डोहाळजेवण, बारसं, कुठेही गेलं की ताटात वाढलेलं टाकायचं नाही आणि वाढणारीला नाही म्हणायचं नाही. जिलेबी, बासुंदी पुढ्यात यायची. "एवढुशानं काय होतंय?" मी आता यजमानीणबाईंना आधीच गाठून सांगते की पोटाचं ऑपरेशन झालंय, छोट्या ताटलीत वाढा. हे मोकळेपणानं सांगितल्यावर आग्रह जवळजवळ थांबला. लपवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि त्यांचं वाईट वाटतं, कारण सगळ्यांसमोर दोन घास जास्त खाऊन घरी येऊन उलट्या करतात.

चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं, केस मुळापासून जात नाहीत, सहा-आठ महिन्यांत परत येतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी फणीत बघितल्यावर धीर सुटायचा. प्रोटीन, लोह, झिंक तपासून घेतलं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आता कपाळाशी नवे केस दिसतात. बी-१२, डी, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन हे आता जन्मभराचं आहे. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी होती. दंडाची, पोटाची कातडी लोंबते. मला तिचं फार वाटत नाही, पण धाकट्या वयाच्या मुलींनी हे आधी जाणून घ्यावं. त्यांनी हेही जाणावं की पहिले बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायचं असतं, आणि वजन उतरल्यावर अनियमित पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते.

सहाव्या महिन्यानंतर काटा पंधरा-वीस दिवस हलेना. ते अपेक्षित होतं, पण त्या दिवसांत मी फार खचले. आमच्या यांनी वजनकाटाच माळ्यावर ठेवला आणि म्हणाले, चालायला चल. आम्ही आयर्विन पुलापर्यंत चालत जायला लागलो. पूर्वी घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबायचे, आता कृष्णेच्या पाण्यापर्यंत उतरून न थांबता वर येते. गुडघ्यांचं दुखणं इतकं कमी झालं की पेनकिलरची आठवण येत नाही. तशाही ब्रुफेनसारख्या गोळ्या जठरात आतून जखमा (अल्सर) करू शकतात म्हणून मला आता चालत नाहीत.

कमी झालेली भूक हळूहळू परत येते, हे मला नवव्या-दहाव्या महिन्यापासून जाणवतंय. रात्री टीव्हीसमोर फरसाण, भडंग हाताशी आलं की पोट भरल्याची खूण होत नाही, कारण कुरकुरीत चिवडा त्या नळीतून सहज सरकतो. म्हणून भडंग आता घरात आणत नाही. सांगलीत राहून हे सोपं नाही, पण मला पूर्वीचं वजन परत नकोय.

ऑपरेशन करायचं ठरवत असाल तर डॉक्टरांना किती केसेस केल्या हे विचाराच, पण त्यासोबत हेही विचारा: सहाव्या महिन्यात, वर्षानं, तिसऱ्या वर्षी मला कोण बघणार? रक्ततपासण्या कधी? आहारतज्ज्ञ फोनवर मिळतात का, मराठीत बोलतात का? रात्री अडीच वाजता नाडी धावली तर फोन कुणाला करायचा? मला या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून मिळाली होती, तो कागद अजून फ्रिजवर आहे. पैसे भरण्याआधी तुम्हीही तसा कागद मागा.