आयसीयूत एनएस की आरएल: चाचण्या वाचून ठरवताना

आयसीयूतल्या रुग्णाला शिरेतून एनएस (नॉर्मल सलाईन) द्यायचं की आरएल (रिंगर लॅक्टेट), हा रोजचा प्रश्न. आधी बाटलीत काय आहे ते पाहू. एनएसमध्ये लिटरला सोडियम 154 आणि क्लोराइडही 154 मिलिमोल. रक्तात क्लोराइड साधारण 100 असतं, म्हणजे चार-पाच पिंट (500 मिलीच्या बाटल्या) गेले की हायपरक्लोरेमिक अॅसिडोसिसचा (क्लोराइड वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा) धोका वाढतो. आरएलमध्ये सोडियम 131, क्लोराइड 111, पोटॅशियम 5, शिवाय लॅक्टेट 29. प्लाझ्मालाइट या तिसऱ्या द्रवात सोडियम 140, क्लोराइड 98; रचना उत्तम, पण आपल्याकडे आरएलपेक्षा बरंच महाग.

आता पुरावा. 2018 च्या स्मार्ट चाचणीत अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टमध्ये 15,802 रुग्ण होते. मृत्यू, डायलिसिस किंवा टिकून राहिलेला किडनीचा बिघाड, यांपैकी काहीही झालेले रुग्ण बॅलन्स्ड द्रवांत (आरएल किंवा प्लाझ्मालाइट) 14.3 टक्के, एनएसमध्ये 15.4. पण केंद्र एकच, आणि कोणती बाटली चालू आहे हे डॉक्टरांना दिसत होतं. ब्राझीलच्या बेसिक्स (2021) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्लस (2022) या दोन्ही चाचण्या ब्लाइंडेड (कोणती बाटली चालू आहे हे डॉक्टरांनाही माहीत नसलेल्या), दोन्हींत एनएसची तुलना प्लाझ्मालाइटशी. 90 दिवसांच्या मृत्युदरात ठोस फरक नाही. प्लसमध्ये प्लाझ्मालाइटवर 21.8, एनएसवर 22.0 टक्के. इथे ‘फरकच नाही’ असं म्हणायची घाई नको. स्मार्टमध्ये द्रवाचा मध्यक (मीडियन) लिटरभरच होता आणि बेसिक्समधल्या अनेकांना चाचणीत येण्याआधीच द्रव मिळाला होता. दोन पिंटांत फरक दिसणार तरी किती?

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचं मात्र वेगळं. बेसिक्सच्या त्या उपगटात मृत्यू प्लाझ्मालाइटवर 31.3 टक्के, एनएसवर 21.1. उपगटाचा आकडा जपूनच वाचावा, पण आरएल प्लाझ्मालाइटहूनही हायपोटॉनिक (रक्ताच्या मानाने पातळ) आहे, मेंदूची सूज वाढण्याचा धोका पत्करायचं कारण नाही. इथे एनएसच. उलट्यांमुळे क्लोराइड घटून अल्कलोसिस (रक्त अल्कधर्मी होणं) झाला असेल तरीही एनएस.

बाकी बहुतेकांना, विशेषतः सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) जिथे अनेक लिटर जाणार, आरएल. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनाही बॅलन्स्ड द्रवाकडेच झुकतात, शिफारस ‘कमकुवत’ असली तरी.

‘क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी मंदावलीय, आरएलमध्ये पोटॅशियम आहे, नको’ हे राउंडवर हमखास ऐकू येतं. 500 मिलीच्या पिंटात पोटॅशियम जेमतेम अडीच मिलिमोल. उलट एनएसच्या अॅसिडोसिसमुळे ते पेशींतून बाहेर येतं. किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरच्या 2023 च्या बेस्ट-फ्लुइड्स चाचणीत, प्लाझ्मालाइटमध्ये पोटॅशियम असूनही, नवी किडनी उशिरा सुरू होण्याचं प्रमाण 30 टक्के राहिलं, सलाईनवर 40.

आरएल निवडलंत तर दोन गोष्टी सिस्टरांना सांगून ठेवा. त्याच लाइनमधून रक्त चढवू नका, आरएलमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात. आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक आरएलमध्ये मिसळू नका, कॅल्शियमशी मिळून साका बसतो. आधी एनएसने लाइन फ्लश करा. नवजात बाळाला तर आरएल आणि सेफ्ट्रियाक्सोन एकत्र चालतच नाहीत, लाइन वेगळी असली तरी. यकृत निकामी असेल तर आरएलमधलं लॅक्टेट रक्तात साचू शकतं, म्हणून लॅक्टेटचा रिपोर्टही जपून वाचावा लागतो.