चरबी वाढलेली असेल तर लोहासाठी नुसतं फेरिटिन करावं की पूर्ण आयर्न प्रोफाइल?

सांगली-मिरजेत लॅबना तोटा नाही. अडतं ते कोणती तपासणी करायची इथे. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 mg/dL च्या बरेच वर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि सतत थकवा असेल, तर नुसत्या फेरिटिनवर थांबू नये, पूर्ण आयर्न प्रोफाइल (रक्तातलं लोह आणि ते वाहून नेण्याची क्षमता एकत्र मोजणारी तपासणी) करावं, असं माझं ठाम मत आहे.

फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन; त्यावरून लोहाचा साठा कळतो. तपासणी एकच, खर्चही कमी. आकडा 15 ng/mL च्या खाली आला तर लोह कमी आहे हे नक्की; मग जास्तीचे पैसे घालवू नका. पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या, पण रक्तातली चरबी ठीक असलेल्या तरुण मुलीला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

घोळ होतो तो आकडा मोठा आला की. चरबी, पोटाचा घेर, मधुमेह यांच्या जोडीने शरीरात मंद सूज राहते आणि लोह न वाढताही फेरिटिन चढतं. म्हणूनच सूज असताना जागतिक आरोग्य संघटना कमतरतेची सीमा 15 ऐवजी 70 धरते. शिवाय सुजेमुळे यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवतं. ते फेरोपोर्टिन हे पेशींतून लोह बाहेर सोडणारं दार अडवतं, आणि आतड्यातलं व साठ्यातलं लोह रक्तात उतरायचं ते याच वाटेनं. लोह घरात असतं, पण कुलुपात.

हे कुलूप दिसतं ते आयर्न प्रोफाइलमध्ये. त्यातलं ट्रान्सफरिन सॅच्युरेशन बघा, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते. फेरिटिन चांगलं असूनही ते 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह अडकलंय किंवा खरंच कमी आहे. 45 च्या वर गेलं तर लोह साचत असल्याची शंका, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मधे असेल आणि फक्त फेरिटिन जास्त, तर बोट बहुधा यकृताकडे जातं. खर्च थोडा वाढतो, सकाळी उपाशीपोटी जावं लागतं. सोबत सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) केली तर सूज किती तेही कळतं.

ट्रायग्लिसराइड फारच चढलेले असतील तर सीरम दुधाळ दिसतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तेव्हा "हिमोग्लोबिन छान आहे" यावर विसंबू नका.

आपल्याकडे गूळ घरचाच, त्यामुळे थकवा म्हटलं की गूळ-शेंगदाणे पुढे येतात. पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आणि जास्त साखरेनं ट्रायग्लिसराइड वाढतात. रिपोर्ट येईपर्यंत लोहाच्या गोळ्याही मनानं सुरू करू नका. सॅच्युरेशन ठीक असेल तर आधी वजन आणि ट्रायग्लिसराइड उतरवा, मग फेरिटिन पुन्हा करा. बऱ्याच जणांचं तेवढ्यानंच खाली येतं.