गॉडली प्लेचा 'उत्तम मेंढपाळ' सेट: पॅरिशच्या फॅमिली इव्हनिंगला वापरल्यावरचा रिव्ह्यू

पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, फॅमिली इव्हनिंग घ्यायची ठरली की कमिटीत सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर जातो, चार वर्षांचं पोर, कॉलेजची मुलगी, दमून आलेले आईबाबा आणि आजोबा या सगळ्यांना एका खोलीत बसवून नक्की करायचं काय. भाषण ठेवलं तर मुलं चुळबुळ करतात, गेम्स ठेवले तर मोठे लोक भिंतीला टेकून मोबाईल बघत बसतात आणि शेवटी एक प्रार्थना म्हणून सगळे घरी. आम्ही यावेळी गॉडली प्लेचा उत्तम मेंढपाळाचा सेट आणला आणि अख्खी संध्याकाळ त्याच्याभोवती बसवली. ज्यांच्या चर्चमध्ये असं काही घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे काय आहे ते सांगते. गॉडली प्ले ही मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची, जेरोम बेरीमन या अमेरिकन धर्मगुरूंनी तयार केलेली पद्धत. त्याचं मूळ मॉन्टेसरीत आहे, रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी या दोघींनी १९५४ पासून मुलांसाठी धर्मशिक्षणाचं काम सुरू केलं होतं आणि बेरीमन स्वतः इटलीत मॉन्टेसरीचं ट्रेनिंग घेऊन त्यांच्याकडून शिकले. म्हणजे ही काल-परवाची फॅशन नाही, यामागे बऱ्याच वर्षांचं मुलांकडे बघणं आहे.

सेट म्हणजे एक सोनेरी डबा. दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, मौल्यवान म्हणून डबा सोनेरी आणि भेटवस्तू बंद असते म्हणून त्याला झाकण. आत हिरव्या फेल्टचं (जाडसर, मऊ कापडाचं) मोठं कापड, पाण्यासाठी निळा तुकडा, धोक्याच्या जागांसाठी तीन काळे तुकडे, मेंढवाड्याच्या तपकिरी पट्ट्या, मेंढरं, उत्तम मेंढपाळ, साधा मेंढपाळ आणि लांडगा. गोष्ट बायबलमधल्या तीन ठिकाणांहून जोडलेली आहे, स्तोत्र २३ मधली हिरवी कुरणं आणि शांत पाणी, योहान १० मधला मेंढरांना नावाने हाक मारणारा मेंढपाळ आणि पळून जाणारा मोलकरी, आणि लूक १५ मधलं हरवलेलं मेंढरू. ज्यांचं बायबल पाठ आहे अशा मोठ्यांनाही हे तिन्ही एकत्र बघताना मजा येते, एक काकू गोष्ट संपल्यावर लगेच स्तोत्र काढून वाचत बसल्या होत्या.

आता सांगण्याची पद्धत, कारण खरी किंमत तिथेच आहे. सांगणारी व्यक्ती जमिनीवर बसते, हळूहळू एकेक कापड बाहेर काढते आणि पूर्ण वेळ तिची नजर कापडावर असते, समोरच्यांकडे बघायचंच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं कारण आपल्याला संडे स्कूलमध्ये डोळ्यात डोळे घालून बोलायला शिकवलेलं असतं. पण प्रत्यक्षात होतं असं की सांगणारा कापडाकडे बघतो म्हणून सगळ्यांची नजर तिकडेच जाते, कोण ऐकतंय कोण नाही हे कोणी तपासत नाही, त्यामुळे लाजरी मुलं आणि लाजरे बाबा दोघंही सैलावतात. मेंढरू हलवायलाही वेळ घ्यायचा, काळ्या जागेतून एकेक करून न्यायचं आणि शेवटचं येत नाही तोपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात खोली जी शांत झाली ती कुठल्याही माईकवरच्या "शांत बसा"ने झाली नसती.

गोष्टीनंतर प्रश्न येतात, पण त्यांची उत्तरं तपासायची नसतात. या मेंढरांना नावं असतील का, त्यांना इथे बरं वाटत असेल का, ही सगळी जागा खरी कुठे असेल, असे. आणि कोणी काहीही म्हटलं तरी "बरोबर" किंवा "शाब्बास" म्हणायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं. आमच्याकडे एका लहान मुलाने पुढे येऊन काळा तुकडा उचलला, घडी घातली, मग अजून एक घडी घातली आणि म्हणाला आता जाता येईल. त्याचे बाबा हात पुढे करून कापड सरळ करायला निघाले होते, दाराजवळ बसलेल्या ताईंनी नुसती मान हलवली आणि ते थांबले. मग बराच वेळ ते त्या घडी घातलेल्या तुकड्याकडेच बघत होते. मला विचाराल तर फॅमिली इव्हनिंगचं काम तिथे झालं. आईवडिलांना मुलाला देवाबद्दल शिकवायची इतकी घाई असते की मूल आधीच काय विचार करतंय हे ऐकायला जागाच राहत नाही, या सेटमुळे ती जागा मिळते. चर्चमध्ये आपण कुटुंब म्हणजे घरातलं चर्च हे शब्द खूप वापरतो, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजातही ते आहेत, पण घरातलं चर्च व्हायचं तर आधी घरातल्यांनी एकमेकांचं ऐकायला हवं ना.

दारावरच्या व्यक्तीबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण बरेच लोक हा भाग गाळतात. गॉडली प्लेमध्ये दोन मोठी माणसं लागतात, एक सांगणारा आणि एक दारात. दारातली व्यक्ती प्रत्येकाला नावाने आत घेते, तयार आहेस का विचारते, उशिरा आलेल्यांना हळूच बसवते, रडणाऱ्या बाळाच्या आईला जागा करून देते. आम्ही यासाठी मुद्दाम शांत स्वभावाची आणि पॅरिशमधली बहुतेक घरं ओळखणारी व्यक्ती बसवली. नवीन कुटुंबाला नावाने आत घेतलं तर त्यांचा अर्धा संकोच तिथेच जातो. शिवाय मुलांच्या कार्यक्रमात खोलीत कायम एकापेक्षा जास्त मोठी माणसं असणं हा सुरक्षेचा नियम आहेच, तोही यात आपोआप पाळला जातो. फोटोंसाठी मात्र पालकांची परवानगी आधी घ्या, आणि खरं तर गोष्ट चालू असताना फोटो नकोतच.

यानंतर मोकळा वेळ, ज्याला जे करावंसं वाटेल ते करायचं. चित्र, माती, लिहिणं, पुन्हा सेट घेऊन गोष्ट मांडणं किंवा नुसतं बसणं. इथे एक आग्रह धरा, सगळ्यांना तीच मेंढराची क्राफ्ट देऊ नका. कापसाचं मेंढरू सगळ्यांचं सारखं होतं, आया मुलांच्या हातातून घेऊन पूर्ण करतात आणि गोष्ट बाजूला राहते. साधे कोरे कागद आणि रंग पुरेसे आहेत. त्यानंतर सगळे पुन्हा गोलात, थोडं खाणं, ज्याला वाटेल त्याने एक वाक्य प्रार्थना, आणि दारातल्या व्यक्तीकडून एकेकाचा निरोप. दीड तासात सगळं आरामात बसतं, त्यापेक्षा लांबवू नका, लहान मुलांची झोपेची वेळ झाली की कितीही छान कार्यक्रम असला तरी संपतो.

आता अडचणी. मूळ पद्धत मुलांच्या छोट्या गोलासाठी आहे, त्यामुळे पॅरिशची सगळी कुटुंबं एकदम आली तर मागच्यांना कापडच दिसत नाही. काही जण सांगतात की वरून कॅमेरा लावा आणि स्क्रीनवर दाखवा, माझं स्पष्ट मत 'नको' असं आहे, स्क्रीन आली की लोक प्रेक्षक होतात. त्यापेक्षा दोन-तीन गोल करा, प्रत्येक गोलात वेगळा सांगणारा. त्यासाठी जास्त सेट लागतील, पण फेल्टचे तुकडे घरी कापता येतात आणि बरीच चर्च स्वतःच बनवतात. आजी-आजोबांना जमिनीवर बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी गोलाच्या मागे लगेच खुर्च्या ठेवा, कोपऱ्यात नको, नाहीतर ते पाहुण्यांसारखे वेगळे पडतात.

आम्ही विकत घेतलेल्या सेटमधल्या आकृत्या लॅमिनेटेड कागदाच्या होत्या आणि हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये चमकत होत्या, बाजूला बसलेल्यांना मेंढपाळाऐवजी नुसता पांढरा उजेड दिसत होता. कापडाच्या कडाही नीट कापलेल्या नव्हत्या. लाकडी आकृत्या मिळाल्या तर त्याच घ्या, हातात धरायलाही बऱ्या वाटतात. आणि दाखला वाचून दाखवायचा नाही, पाठ करावा लागतो, हालचालींसकट. ज्याला आदल्या रात्री तयारी करायची सवय आहे त्याच्यावर ही जबाबदारी टाकू नका.

टीनएजर्सचा प्रश्न राहतो. त्यांना गोलात बसवलं तर "हे लहानांचं आहे" म्हणून तोंड वाकडं होतं, हे खरं आहे. त्यांना सांगणारा बनवलं की मात्र चित्र बदलतं. आमच्या एका गोलात कॉलेजच्या मुलीने गोष्ट सांगितली, आवाज थोडा थरथरत होता तरी तिच्या समोरची पोरं एकटक बसली होती कारण ती त्यांच्यासाठी ताई होती, टीचर नव्हती.

एक तक्रार हमखास येते आणि आमच्याकडेही आली, की शेवटी शिकवण काय दिली, तात्पर्य कुठे आहे. त्यांची काळजी मला समजते, श्रद्धेचं शिक्षण हवंच, चर्चच्या संस्कारांची (पहिलं कम्युनियन वगैरे) तयारी हवीच, ती कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात नीट होऊ दे. पण येशूने स्वतःही लोकांना बहुतेक वेळा दाखला सांगून विचार करायला सोडलं. तात्पर्य आपण सांगितलं की ऐकणाऱ्याचं काम संपतं, नाही सांगितलं तर गाडीत, जेवताना, झोपताना घरचे लोक त्याबद्दल बोलतात. दोन-तीन आयांनी नंतर आपणहून सांगितलं की मुलांनी घरी उशीचे अभ्रे पसरून मेंढवाडा मांडला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या चमकणाऱ्या आकृत्यांचा. ज्या पॅरिशमध्ये पाठ करून सांगायला तयार असलेली दोन माणसं आहेत त्यांनी बिनधास्त घ्या. ज्यांना डबा उघडून लगेच कार्यक्रम उरकायचा आहे त्यांनी पैसे घालवू नका, तो कपाटात पडून राहील. आम्ही पुढच्या संध्याकाळसाठी मोहरीच्या दाण्याचा दाखला घेतोय आणि यावेळी आकृत्या पॅरिशमधल्याच एका सुतारकाम करणाऱ्या काकांकडून करून घेणार आहोत.