ब्राझीलसारखा तळलेला कसावा घरी करायचाय? तुकडे, बोलिन्यो, किसाची भजी की अळकुडी, काय निवडाल

ब्राझीलमध्ये बोतेको म्हणजे गल्लीतले साधे बार असतात, तिथे थंड बिअरसोबत जे गरमागरम तळलेलं येतं त्यात कसावा (साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद) हमखास असतो. घरी करायचं म्हटलं की मात्र गोंधळ होतो, कारण चार प्रकार समोर येतात. नुसते तुकडे तळायचे, कुस्करून सारण भरून गोळे करायचे (त्यांना बोलिन्यो म्हणतात), कच्चा किसून चमच्याने तेलात सोडायचा, की कसावा राहू दे आणि अळकुडीचंच काहीतरी करायचं? चारही तिथे घरोघरी होतात पण मेहनतीत आणि चवीत खूपच फरक आहे.

आधी कंदाचं बोलू, अर्धा निकाल तिथेच लागतो. साओ पावलोकडे त्याला मांजिओका म्हणतात, रिओकडे आयपिं आणि ईशान्य भागात माकाशेरा, त्यामुळे रेसिपी शोधताना तिन्ही नावं टाकून बघा. मुंबईत माटुंग्याला केरळी सामान मिळतं तिथे कप्पा मागा, अमेरिकेत असाल तर लॅटिन दुकानात फ्रोझन युका, वस्तू तीच. विकत घेताना दुकानदाराला टोक कापून दाखवायला सांगा, आत पांढराशुभ्र हवा. काळ्या-निळ्या बारीक रेघा दिसल्या तर कंद जुना आहे, सरळ सोडून द्या, कारण जमिनीतून काढल्यावर दोन-तीन दिवसांतच हा बिघडायला लागतो. म्हणूनच मला फ्रोझन जास्त भरवशाचा वाटतो, सोललेला असतो आणि ताजा असतानाच गोठवलेला असतो. आणि हे नीट लक्षात ठेवा, कसावात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातीत भरपूर आणि भाजीसाठी विकतात त्या गोड जातीत कमी, पण गोड असला तरी कच्चा तोंडात टाकायचा नाही.

ताजा सोलायला बटाट्याचं सोलणं चालत नाही. वरची तपकिरी साल आणि तिच्याखाली गुलाबीसर पांढरा जाड थर असतो, दोन्ही काढायचे. कंदाचे बोटभर लांब तुकडे करा, उभी चीर द्या आणि सुरीचं टोक त्या थराखाली घालून उचला, झाडाची साल निघावी तसा तो पूर्ण वळसा घेऊन सुटतो.

आता पहिला प्रकार, मांजिओका फ्रिता. मिठाच्या पाण्यात उकडा, कुकरला साधारण 15 ते 20 मिनिटं, तुकडे कडेला फुलून चिरा पडेपर्यंत. मग निथळा, मधला दोऱ्यासारखा धागा ओढून काढा, पूर्ण वाळू द्या आणि 180 डिग्रीच्या आसपास तेलात सोनेरी तळा. बास, पीठ नाही, अंडं नाही. उकडलेले तुकडे फ्रीझरमध्ये ठेवून मग तळले तर आणखी कुरकुरीत होतात, फुटलेल्या कडा काचेसारख्या कडक आणि आत लोण्यासारखा मऊ. कसावाची खरी चव हवी असेल तर हाच करा, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तर मी दुसरं काही सुचवणारच नाही, कारण तुमच्या हातातला कंद नीट शिजतो की नाही हे इथेच कळतं. काही कंद कितीही उकडा, दगडासारखे राहतात, आणि तसल्या कंदाचे गोळे करायला गेलात तर सगळं सारण वाया जाईल.

बोलिन्यो हा पाहुणे येणार असतील तेव्हाचा पदार्थ. उकडलेला कसावा गरम असतानाच कुस्करायचा, हाताने किंवा पुरणयंत्रातून, मिक्सरला लावलात तर चिकट गोंद होतो आणि मग तो सावरत नाही. अर्धा किलोला चमचाभर लोणी, एक अंड्याचा बलक, मीठ, बारीक चिरलेली पार्सली आणि कांद्याची पात, आणि गोळा हाताला चिकटायचा थांबेल इतकाच मैदा. मैदा जास्त झाला की कसावा संपला, नुसतं पीठ लागतं. आत पारंपरिक सारण कार्ने सेकाचं, म्हणजे खारवून सुकवलेलं बीफ, ते रात्रभर पाणी बदलत भिजवून खारटपणा काढायचा, मग शिजवून धागे करून कांद्यावर परतायचं. रिओकडे कोळंबी आणि कातुपिरी हे मऊ चीजही भरतात. शाकाहारी असाल तर चीजच भरा, त्यात काही कमी नाही. वरून अंडं आणि ब्रेडचा चुरा लावून तळायचं. वेळ खूप जातो पण मोठा फायदा हा की आदल्या दिवशी करून फ्रीझ करता येतात आणि गोठलेलेच तेलात सोडता येतात, फक्त एकावेळी थोडे सोडा, तेल थंड पडलं की ते फुटतात.

कच्च्या किसाचा प्रकार सगळ्यात झटपट. किसा, फडक्यात घट्ट पिळा, अंडं, किसलेलं चीज, मीठ घालून छोटे छोटे सोडा. इथे आच मध्यम हवी, आतपर्यंत शिजलंच पाहिजे, वर सांगितलेल्या सायनाइडच्या कारणाने. चव छान, थोडी चिवट, पण लहान मुलांसाठी आणि नवख्यांसाठी मी हा प्रकार निवडणार नाही.

कसावा मिळतच नसेल तर अळकुडी. आग्नेय ब्राझीलमध्ये इन्यामे म्हणतात ती हीच, ईशान्येच्या रेसिपीत मात्र इन्यामे म्हणजे कोनफळाच्या कुळातला कंद, तेवढं तपासा. उकडून कुस्करून बोलिन्योसारखंच करायचं, पण ही जास्त बुळबुळीत असते म्हणून मैदा थोडा वाढतो आणि कुरकुरीतपणा कसावाइतका येत नाही. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटमुळे, हाताला तेल लावून सोला आणि पूर्ण शिजवा. स्वस्त आहे, कुठेही मिळते, आणि आतून इतकी मऊसूत होते की वयस्कर माणसांना हीच आवडते.

एअर फ्रायरवाल्यांसाठी: उकडलेल्या तुकड्यांना तेल चोळून घातलं तर चांगले होतात, ब्रेडचा चुरा लावलेले बोलिन्यो तेलाचा ब्रश फिरवून चालतात, किसाची भजी मात्र अजिबात नाही, ती कढईतच करा. सोबत लिंबाची फोड आणि तिखट मिरचीचा सॉस पुरे.